चौदा ओळींची यादी : पदार्थविज्ञान अभ्यास मंडळाला एक खुलं पत्र

प्रति,
पदार्थविज्ञान अभ्यास मंडळाचे सन्माननीय सदस्य,
आणि ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांत एम.एस्सी.ला शिकवणारे सर्व सर आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी कळव्याला राहते. नवी मुंबईतल्या एका कॉलेजातून एम.एस्सी. फिजिक्स केलं. दोन वर्षांचा कोर्स मला अडीच वर्षं पुरला, कारण मध्ये क्वांटम मेकॅनिक्सची केटी लागली, म्हणजे तो पेपर राहिला. सध्या ऐरोलीला एका क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवते. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर तिथल्या माणसांनी मला पुष्कळ दिलंय. दुसरं म्हणजे डोंबिवलीपासून पनवेलपर्यंत ज्या ज्या मुलामुलींशी एम.एस्सी.ला अडणाऱ्या गणिताबद्दल बोलले, त्यांनी कॉलेजचं नाव बदलून माझीच गोष्ट मला परत ऐकवली.

ऑगस्ट २०२३. भाग एकचा, म्हणजे पहिल्या वर्षाचा, दुसरा आठवडा. बाहेर धो धो पाऊस, गाड्या लेट, वर्गात निम्मी मुलं ओलीच बसलेली. सरांनी फळ्यावर बेरजेचा सिग्मा काढला, वेव्ह फंक्शन (कणाची अवस्था सांगणारं फंक्शन) बऱ्याच फंक्शनांच्या बेरजेत मांडलं, दोन्ही बाजूंना काहीतरी गुणलं, इंटिग्रल घेतलं आणि म्हणाले, "इथे ऑर्थोगोनॅलिटी वापरली की एक सोडून बाकी सगळ्या टर्म्स झीरो. हे तुम्हाला येतंच. बरोबर?" वर्गातल्या माना हलल्या. माझीही हलली. सर पुढे गेले.

मला ते येत नव्हतं. ऑर्थोगोनल म्हणजे काटकोनात, एवढं माहीत होतं. दोन बाण काटकोनात असले की त्यांचा डॉट प्रॉडक्ट शून्य, हे बारावीत सोडवलं होतं. पण दोन फंक्शनं काटकोनात कशी असतील? कुठला कोन, कोणी मोजला? दुसऱ्याच आठवड्यात हात वर करून "सर, येत नाही" म्हणायला जी छाती लागते ती माझ्यापाशी नव्हती. सेमिस्टर संपल्यावर कॅन्टीनमध्ये हा विषय निघाला, तेव्हा कळलं की त्या दिवशी मान हलवणाऱ्यांत आठ-दहा जण तरी माझ्यासारखेच होते. आपण सोडून सगळ्यांना येतंय, असंच प्रत्येकाला वाटत होतं.

सरांना दोष देत नाही. समोर चाळीस माना हलल्यावर शिकवणारा माणूस पुढेच जाणार. हे पत्र त्या हललेल्या मानांबद्दल आहे.

माझा गणिताशी संबंध सुटला कसा, तेही सांगते, कारण त्यात माझा वाटा आहे. आमचं एफ.वाय., म्हणजे बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, २०२०-२१चं, पूर्ण घरून. घरात एकच धड मोबाईल, आणि भाऊ दहावीला. कॅल्क्युलसचे तास मी निम्मे ऐकले, निम्मे फक्त लावून ठेवले. परीक्षा एमसीक्यूची. उत्तरं ग्रुपवर यायची आणि मी ती टिक करायचे. लिहायला लाज वाटते, पण ते झाकून बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. एस.वाय.ला फिजिक्स-केमिस्ट्री घेतलं, मॅथ्स सोडलं. बाबा रबाळ्याच्या एमआयडीसीत नोकरीला. केमिस्ट्री असली की क्यूसीत, म्हणजे मालाचा दर्जा तपासायच्या खात्यात, कुठेतरी चिकटता येतं, असं त्यांचं म्हणणं, आणि आमच्या पट्ट्यात ते खोटंही नाही. मग टी.वाय.ला एके दिवशी प्रॅक्टिकलमध्ये ग्रेटिंगमधून (प्रकाशाचे रंग वेगळे करणाऱ्या काचेतून) सोडियम लॅम्प बघताना पिवळी रेषा फुटून तिच्या दोन झाल्या. ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर. पुस्तकात वाचलेलं डोळ्यांनी दिसलं. एकाच्या दोन का होतात, हे विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "ते एम.एस्सी.ला." म्हणून मी एम.एस्सी.ला आले.

प्रवेशाच्या खिडकीवर माझ्याकडून सगळ्या मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट, जातीचा दाखला, आधारची झेरॉक्स आणि तीन फोटो घेतले. गणित कुठपर्यंत झालंय, हे कोणी विचारलं नाही. अर्जात तो रकानाच नव्हता. बी.एस्सी. फिजिक्स झालेला मुलगा, म्हणजे त्याला गणित येत असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलेलं. आणि आम्हीही काही बोलत नाही, कारण बोललो तर जागा जाईल की काय ही धास्ती.

आता वेळापत्रकाकडे या. पहिल्या सेमिस्टरला मॅथमॅटिकल मेथड्स, क्लासिकल मेकॅनिक्स, क्वांटम मेकॅनिक्स हे विषय एकाच सोमवारी सुरू होतात. क्लासिकलला पहिल्या आठवड्यात पार्शल डिफरन्शिएशन लागतं. क्वांटमला दुसऱ्या आठवड्यात ऑर्थोगोनॅलिटी लागते, चौथ्यात मॅट्रिक्स. आणि मॅथमॅटिकल मेथड्स सुरू होतं कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिसपासून. कोशीचा सिद्धांत, रेसिड्यू, कंटूर इंटिग्रेशन. सुंदर विषय आहे, मला पुढे फार आवडला. पण पहिल्या सेमिस्टरच्या बाकी पेपरांत मला तो एकदाही लागला नाही. मॅट्रिक्स दुसऱ्या युनिटमध्ये, डिफरन्शियल इक्वेशन तिसऱ्यात, फूरिए शेवटी. आमच्या मॅडमनी ऑर्थोगोनल फंक्शनं शिकवली, आणि फार छान शिकवली, तेव्हा क्वांटमची इंटर्नल, म्हणजे कॉलेजची अंतर्गत परीक्षा, होऊन तीन आठवडे उलटले होते. म्हणजे भात जेवून झाल्यावर आमटी आली.

त्यातही प्रवेश लांबतात. कागदावरच्या पंधरा आठवड्यांतले शेवटच्या यादीतून आलेल्या मुलाच्या वाट्याला दहाच येतात. तो वर्गात पाऊल ठेवतो तेव्हा क्लासिकलचा पाया असलेलं लॅग्रांजियन होऊन गेलेलं असतं.

मग आम्ही काय करतो? पाठ करतो. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या बॅचच्या नोट्सचा गठ्ठा असतो, त्यात आयएमपी प्रश्नांवर चांदण्या काढलेल्या असतात. हायड्रोजन अणूचं डेरिव्हेशन मी मारुतीस्तोत्रासारखं पाठ केलं होतं. कुठल्या ओळीनंतर कुठली ओळ येते हे डोळे मिटून सांगितलं असतं. का येते, ते विचारू नका. क्लासिकलला आणि सॉलिड स्टेटला हा मार्ग चालून गेला. क्वांटमच्या पेपरात मात्र एका प्रश्नात डेरिव्हेशनऐवजी एक लहानसं गणित घातलेलं होतं: बॉक्समधल्या कणाची अवस्था दोन साइन फंक्शनांची बेरीज म्हणून दिलेली, ती नॉर्मलाइझ करा, म्हणजे कण कुठेतरी सापडण्याची एकूण शक्यता एक येईल असं बघा. चार ओळींचं काम. मी दोन पानं लिहिली आणि खोडली. तो पेपर ज्यांनी काढला त्यांचे मी आज आभार मानते. त्या दिवशी फार शिव्या दिल्या होत्या.

केटी लागल्यावर घरी दोन दिवस कोणाशी बोलले नाही. आमच्या बिल्डिंगीत तळमजल्याला एक काका राहतात, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. क्वांटम मेकॅनिक्स त्यांनी आयुष्यात वाचलेलं नाही. आईने परस्पर त्यांच्या कानावर घातलं, म्हणून जावं लागलं.

"काका, मला मॅथ्स येत नाही."

"कुठलं?"

"सगळंच."

"सगळंच येत नाही असं कोणी नसतं. आणि सगळंच येतं असंही कोणी नसतं. वही घे, पेन्सिल घे, आणि जिथे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर तुला जाता येत नाही तिथे खूण कर. धड्याचं नाव घेऊन येऊ नकोस, ओळ घेऊन ये."

हे काम करायला मला चार दिवस लागले, आणि सांगते, एम.एस्सी.तले ते माझे सगळ्यात अवघड चार दिवस. आपल्याला काय येत नाही हे शोधणं म्हणजे अंधारात काळा दोरा शोधणं. क्वांटम आणि क्लासिकलच्या दोन वह्यांत पेन्सिलीच्या खुणाच खुणा झाल्या. पण मोजायला बसले तर त्याच त्या खुणा परत परत येत होत्या. एकसारख्या एकत्र केल्या आणि कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागे लिहून काढल्या. चौदा ओळी झाल्या.

चौदा! मला वाटलं होतं, चारशे निघतील. त्यात काय होतं? दोन-तीन चलांचं पार्शल डिफरन्शिएशन आणि त्याचा चेन रूल. इंटिग्रेशन बाय पार्ट्स. टेलर मालिकेची पहिली दोन-तीन पदं. ईचा आय-थीटा घात म्हणजे कॉस अधिक आय साइन. दोन बाय दोन मॅट्रिक्सच्या आयगनव्हॅल्यू. ग्रेडियंट, डायव्हर्जन्स, कर्ल. गोलीय निर्देशक. व्हेरिएबल वेगळे करून समीकरण सोडवणं. गाउसियन इंटिग्रल. ऑर्थोगोनॅलिटी. फूरिए. डायरॅक डेल्टा. इंडेक्सची भाषा, म्हणजे क्रोनेकर डेल्टा आणि एप्सिलॉन. आणि लजांड्रच्या बहुपदी. क्लासिकलमधली 'क्यू आणि क्यू-डॉट (जागा आणि तिचा वेग) हे स्वतंत्र कसे धरायचे' ही माझी अडचण काकांनी यादीतून काढून टाकली. म्हणाले, हे गणित नाही, ही तुमच्या लोकांची पद्धत आहे, ती तुझ्या सरांना विचार.

या चौदांतल्या दोन-तीन ओळी कशा सुटल्या ते जरा जवळून दाखवते, कारण या गोष्टीला किती वेळ लागतो यावरच माझी मागणी उभी आहे.

ऑर्थोगोनॅलिटी मला ठाण्याहून नवी मुंबईला जाणाऱ्या ट्रान्सहार्बरच्या गाडीत कळली. काकांनी आदल्या दिवशी एवढंच सांगितलं होतं की फंक्शनला लांबलचक व्हेक्टर समज, प्रत्येक एक्सला त्याचा एक घटक. आणि डॉट प्रॉडक्टमध्ये काय करतेस, घटकाला घटक गुणून बेरीज, तेच कर. ठाण्याला बसायला जागा मिळाली. ग्राफ पेपरवर ०पासून १८० अंशांपर्यंत तीस-तीस अंशांनी खुणा केल्या आणि साइन एक्स गुणिले साइन दोन-एक्स लिहीत गेले. तीस अंशाला ०.४३. साठला ०.७५. नव्वदला शून्य. एकशेवीसला उणे ०.७५. दीडशेला उणे ०.४३. दोन्ही टोकांना शून्य. दिघा गाव स्टेशन तेव्हा नुकतंच, २०२४च्या जानेवारीत, सुरू झालं होतं. ते मागे पडेपर्यंत बेरीज झाली होती. शून्य. डावी बाजू उजवीला बरोब्बर खाऊन टाकत होती. मग साइन एक्सला स्वतःनेच गुणलं: पाव, पाऊण, एक, पाऊण, पाव. बेरीज तीन. तीस अंश म्हणजे पाय भागिले सहा, त्याने गुणलं, पाय भागिले दोन. पुस्तकात इंटिग्रल करून येतं तेच उत्तर, अगदी तंतोतंत. आणि हीच ती बॉक्समधल्या कणाची साइन फंक्शनं, ज्यांनी मला केटी दिली होती. कोपरखैरण्याला उतरले तेव्हा मला परीक्षेतलं ते गणित तोंडी येत होतं. वीसएक मिनिटांचा प्रवास.

गोलीय निर्देशकांचंही (एक अंतर आणि दोन कोन देऊन जागा सांगायची पद्धत) तसंच. व्हॉल्यूमच्या तुकड्यात तो आर वर्ग साइन थीटा कुठून येतो हे मला कधीच उमगलं नव्हतं, म्हणून दर वेळी तो लिहायला विसरायचे. काकांनी शाळेचा पृथ्वीगोल काढला. विषुववृत्तावर रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. आपलं ठाणं साधारण १९ अंश उत्तरेला, इथे तोच एक अंश सुमारे १०५ किलोमीटरचा. लेहला गेलीस तर अजून कमी, ध्रुवावर शून्य. "कमी होतो तो कशाच्या पटीत?" अक्षांशाच्या कोसाइनच्या. आणि तुम्ही फिजिक्सवाले कोन विषुववृत्तापासून न मोजता ध्रुवापासून मोजता, म्हणून कोसाइनचा साइन होतो. झालं. त्यानंतर तो साइन थीटा मी एकदाही विसरलेले नाही.

पण सगळ्यात जास्त राग आला तो आयगनव्हॅल्यूच्या वेळी. मी मराठी माध्यमाची. दहावीच्या बीजगणितात दोन बाय दोनचा निश्चयक असतो, क्रेमरची पद्धत असते, आणि लगेच पुढच्या प्रकरणात वर्गसमीकरणं. अकरावीत 'डिटरमिनंट' आला तेव्हा तो आपला निश्चयकच, हे कळायला मला महिना गेला होता. एम.एस्सी.ला 'आयगनव्हॅल्यू प्रॉब्लेम' हा शब्द ऐकून पोटात गोळा आला. काकांनी कागदावर मांडलं: कर्णावर उणे लॅम्डा, उणे लॅम्डा, उरलेल्या दोन जागी एक, एक. निश्चयक काढ. लॅम्डा वर्ग उणे एक. शून्याला बरोबर ठेव. लॅम्डा अधिक एक किंवा उणे एक. इलेक्ट्रॉनचा स्पिन एखाद्या दिशेने मोजला की दोनच उत्तरं का येतात, त्याचं सगळं गणित एवढंच आहे, फक्त एच-बार (क्वांटममधला एक ठरलेला स्थिरांक) भागिले दोनने गुणायचं. दहावीच्या पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं. मी इतकी वर्षं ती गोष्ट खिशात घेऊन हिंडत होते आणि खिशात काय आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

काकांकडे नऊ रविवार गेले. केटी सुटली. (शेवटच्या सेमिस्टरला त्या सोडियमच्या दोन रेषांचं कोडंही सुटलं. स्पिन आणि कक्षा यांच्या एकमेकांवरच्या परिणामाचं गणित आहे ते, आणि त्यातही पुन्हा मॅट्रिक्सच.) पुढच्या वर्षी भाग एकच्या पाच जणांना सोसायटीच्या ऑफिसात बसवून तीच यादी मी घेतली. पाचांच्याही अडलेल्या ओळी माझ्या चौदांतल्याच निघाल्या, एकाच्या एक-दोन जास्त. यावरून कुठला शोध लावायचा नाही. पण मला जे चार दिवस आणि एक केटी देऊन कळलं, ते तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. तुम्ही दरवर्षी पेपर तपासता. पोरं नेमक्या कुठल्या ओळीवर आपटतात हे तुमच्याइतकं कोणाला माहीत असणार? मग ती यादी विभागाच्या भिंतीवर का नाही?

माझं मागणं मोठं नाही. प्रवेशपत्राबरोबर एक पान द्या: या कोर्सला हे हे गणित लागेल, प्रत्येकाचा एक सोडवलेला नमुना, एक न सोडवलेला. टी.वाय.ची परीक्षा एप्रिल-मेमध्ये संपते, एम.एस्सी.चे वर्ग ऑगस्टमध्ये भरतात. मधले तीन महिने आम्ही निकालाची आणि मेरिट लिस्टची वाट बघत घरी बसलेलो असतो. त्या पानावर काम करायला यापेक्षा चांगला वेळ आयुष्यात परत येत नाही. मग पहिले तीन आठवडे बाकीचे विषय थांबवून फक्त गणित घ्या, सगळ्या शिक्षकांनी वाटून, आणि प्रत्येकाने आपल्या विषयाला लागेल तेच. आणि मॅथमॅटिकल मेथड्सची युनिटं उलटी करा. मॅट्रिक्स आणि ऑर्थोगोनल फंक्शनं आधी, रेसिड्यू शेवटी. यासाठी एक रुपयाही लागत नाही, अभ्यास मंडळाची एक बैठक लागते.

एक चौथी गोष्ट आहे, ती ठरावाने होणारी नाही. "हे तुम्हाला येतंच" हे वाक्य वर्गात म्हणू नका. त्याऐवजी "हे कोणाकोणाला परत बघायचंय?" असं विचारून तर बघा. पहिल्या दिवशी कोणी हात वर करणार नाही. चिठ्ठ्या मागवा, नाव न लिहिता.

तुमच्याकडून काय उत्तर येईल तेही मला थोडंफार माहीत आहे, कारण ते मी स्टाफरूमच्या दारात उभी राहून ऐकलेलं आहे.

एम.एस्सी.ला आलेल्या मुलांना आम्ही इंटिग्रेशन शिकवायचं का? दर्जा काय राहील? यावर मला हायड्रोजन अणूचीच गोष्ट सांगायची आहे, तीच जी आम्ही पाठ करतो. ते समीकरण ज्याने मांडलं त्या श्रोडिंगरला त्यातला त्रिज्येचा भाग स्वतःला सोडवता येत नव्हता. तो झुरिकमध्ये हर्मन वाइल या गणितज्ञाकडे गेला, त्याची मदत घेतली आणि १९२६च्या आपल्या पहिल्या निबंधात तसं छापून मोकळा झाला. त्याच्या आदल्या वर्षी हायझेनबर्गने जो गुणाकार मांडला त्याला मॅट्रिक्स म्हणतात हे त्याला माहीत नव्हतं. ते मॅक्स बॉर्नने ओळखलं, कारण तो विद्यार्थिदशेत मॅट्रिक्स शिकलेला होता. १९१२ साली आइनस्टाइनला वक्र अवकाशाचं गणित हवं होतं तेव्हा तो मार्सेल ग्रॉसमान या आपल्या वर्गमित्राकडे गेला. आणि आम्ही तळमजल्यावरच्या काकांकडे जातो, तेही आईने ढकलल्यावर, चोरून! दर्जा विचारण्याने गेला असता तर त्या तिघांचा आधी गेला असता.

वीज आणि चुंबकावर प्रयोग करणाऱ्या फॅरडेचं उदाहरण मात्र कृपा करून देऊ नका. दर फ्रेशर्स पार्टीला कोणीतरी ते देतं, की बघा, फॅरडेला कुठे गणित येत होतं. फॅरडेकडे प्रयोग करणारे ते हात होते, आणि त्याच्या बलरेषांचं गणित करायला मॅक्सवेल होता. त्याच फॅरडेने १८५७मध्ये मॅक्सवेलला पत्र लिहून विचारलं होतं की गणित्यांना आपले निष्कर्ष साध्या भाषेतही मांडता येणार नाहीत का, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर काम करता येईल. गणित न येणाऱ्याची ती विनंती होती. गणिताशिवाय भागतं, असा त्याचा अर्थ काढला की आमच्यासारख्यांना दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी इंटर्नल असते.

दुसरं उत्तर, वेळ नाही. हे मात्र खरं आहे. वर रिसर्च मेथडॉलॉजी आली, ऑन-जॉब ट्रेनिंग आलं, तास तेवढेच राहिले. आमचे क्लासिकलचे सर तासिका तत्त्वावर होते. सकाळी ठाण्यात दोन लेक्चरं, मग दुपारी आमच्याकडे, आणि सुट्टीत पगार नाही. अशा माणसाला "अजून तीन आठवडे गणित घ्या" म्हणणं कोणत्या तोंडाने, हा प्रश्न मलाही पडतो. म्हणून तर म्हणते, वेगळा कोर्स काढू नका, क्रेडिट जोडू नका, क्रम तेवढा बदला. आजही ते तीन आठवडे जातातच, फक्त न समजलेल्या लेक्चरांत जातात. भाग दोनची मुलं भाग एकला शिकवू शकतात. आम्ही सोसायटीच्या ऑफिसात केलं ते तुमच्या रिकाम्या वर्गात करता येईल, पंखा तरी असेल.

तिसरं उत्तर मला सगळ्यात लागलेलं. "ज्यांना झेपत नाही त्यांनी यावंच कशाला?" २०२५ हे संयुक्त राष्ट्रांनी क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलं होतं. आमच्याकडे गेटवर बॅनर लागला, श्रोडिंगरच्या मांजरीची रांगोळी निघाली, मीच काढली होती, शेपूट बिघडलं. केंद्र सरकारने २०२३च्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, सहा हजार कोटींच्या वरचं, २०३०-३१पर्यंतचं. या सगळ्याच्या मुळाशी जो क्युबिट, म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सगळ्यात लहान तुकडा, आहे तो दोन घटकांचा व्हेक्टर, आणि त्याच्यावरचं एक-एक गेट म्हणजे दोन बाय दोनचं मॅट्रिक्स. हे काम करायला माणसं कुठून आणणार आहोत? ज्यांचा गणिताशी संबंध कधीच सुटला नाही अशी मुलं बहुतेक इंजिनिअरिंगला जातात. एम.एस्सी.च्या बाकावर उरतो आम्ही, कळवा-दिवा-मुंब्रा-घणसोलीचे. लॉकडाऊनमध्ये एफ.वाय. केलेले, घरच्यांच्या सल्ल्याने केमिस्ट्री घेतलेले, दहावीला निश्चयक सोडवून विसरलेले. आता नव्या धोरणाने मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य आणि एक जोडविषय, आल्यावर मॅथ्सशिवायचा फिजिक्सवाला वाढेल, कमी होणार नाही, असा माझा अंदाज आहे. चुकला तर आनंदच आहे.

माझ्या क्लासमधली एक मुलगी यंदा बारावीनंतर फिजिक्सला जायचं म्हणते. हुशार आहे, खोडकर आहे, नको तिथे प्रश्न विचारते. तिला मी मॅथ्स सोडू नकोस असं बजावलंय. पण तीन-चार वर्षांनी ती तुमच्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसलेली असेल, तेव्हा ती प्रश्न विचारणारी मुलगी राहिली असेल की मान हलवायला शिकली असेल, ते मला सांगता येत नाही.

यादी सोबत जोडली आहे. पाठपोट एकच पान आहे, कालनिर्णयच्या पानावरून नीट उतरवून टाइप केलेलं, नमुन्यांसकट. काकांनी तपासून दिलंय. वापरा, बदला, माझं नाव घालायची गरज नाही. बारावी ओळ, डायरॅक डेल्टाची, तेवढी माझी अजून कच्ची आहे. गणितं सुटतात, पण ते फंक्शन आहे की नाही यावर काकांचं आणि माझं अजून भांडण चालू आहे. तुमच्यापैकी कोणी ते सविस्तर घेणार असेल तर दिवस आणि वेळ कळवा. रविवार असेल तर काकांनाही घेऊन येते.

कळावे,
आपली एक माजी विद्यार्थिनी
कळवा, ठाणे